कूलर काढ, बेटा

बेटा,

तुझी अडचण माध्यमाची नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने लिहिता येईल. तू दाखवलेलं सगळं मी नीट पाहिलं. जलरंगातला जपानी डोंगर, ॲक्रिलिकमधली व्हेनिसची नाव, पेस्टलमधली जांभळ्या फुलांची शेतं, टॅबलेटवर काढलेला कोल्हा आणि तो रेझिनचा निळा समुद्र. हात चांगला आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. पण "काकू, मला माझं माध्यमच सापडत नाही, आता तर काही सुचतही नाही" असं म्हणताना तुझा आवाज बसला, तो माझ्या डोक्यातून जाईना. मिहानमधल्या आयटी कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसून आलेली मुलगी रात्री जेवण झाल्यावर रंग काढून बसते, म्हणजे तिला ते हवंच आहे. मग ती रिकाम्या हाताने का उठते?

कारण तू माध्यम बदललंस की वस्तूही बदलतेस. दोन्ही एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कळायला मार्गच उरत नाही. जलरंग जमले नाहीत की डोंगर जमला नाही? तुला सांगता येणार नाही, कारण डोंगर तू पाहिलेलाच नाहीस. फोटो काढणाऱ्याने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, कुठे उभं राहायचं, काय कापायचं, उजेड कुठून घ्यायचा. तुझ्या वाट्याला रंग भरणं उरलं. त्यातून सुचणार काय?

माध्यम हवं तितकं बदल. वस्तू बदलू नकोस.

माझ्या भिंतीवरची चित्रं बघून तू हसू दाबलंस, ते मी पाहिलं. राग नाही. सगळे कूलरच आहेत, खरं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीला लोखंडी पत्र्याचा कूलर होता, अँगलच्या स्टँडवर चढवलेला. तीन बाजूंना खसच्या ताट्या, आत टुल्लू पंप, खाली कायम ओलं. पाण्याने स्टँडचे पाय गंजले आणि तो गंज भिंतीवरून ओघळत खाली आला. उन्हाळ्यात ताट्या भिजून काळपट दिसायच्या, दिवाळीपर्यंत वाळून पिवळ्या पडायच्या, आणि हिवाळ्यात बंद कूलरवर चिमण्या कब्जा करायच्या. सिंचनाच्या कचेरीत मी आरेखक होते, दिवसभर ट्रेसिंगवर कालव्यांचे छेद काढायचे. घरी आल्यावर ओट्याजवळच्या खिडकीतून दिसायचा तो कूलर. अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर जाऊन चित्र काढायला मला वेळ नव्हता. कूलर होता, म्हणून कूलर काढला.

आता बघ काय होतं. पेन्सिलने काढला तेव्हा तो मला पेटीसारखा दिसला, कडा आणि कोन. नोकरीतला हात तेवढंच बघत होता. कोळसा घेतला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की जाळीच्या मागे केवढा अंधार आहे, आणि पंखा त्या अंधारात अर्धाच दिसतो. पेन्सिलने मला तो अंधार दाखवलाच नव्हता, कारण बारीक टोकाने अंधार भरायचा कंटाळा येतो आणि डोळा त्याला टाळतो. मग जलरंग. भिंतीवरचा ओघळ पाण्याने झालेला, कागदावरही पाण्यानेच होतो. वर थोडा रंग ठेवायचा, कागद तिरपा धरायचा आणि गप्प बसायचं. पुढे लिनो कापला, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावर शाई लावून छाप घेतला, तेव्हा मधल्या करड्या छटा संपल्या. प्रत्येक गोष्ट काळी की पांढरी ते ठरवणं भाग होतं. भिजलेली ताटी काळी. पण तिच्यावरून घसरणारं पाणी? त्या एका प्रश्नावर मी एक अख्खा उन्हाळा काढला, आणि तो उन्हाळा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोजते.

शेवटी गेरू. बांधलेल्या कुंड्यांना लावतात तोच, खलून, गाळून, डिंकाच्या पाण्यात. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि गेरूचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. म्हणजे मी गंजाचं चित्र जवळजवळ गंजानेच काढत होते. हे मला कुठल्या पुस्तकाने सुचवलं नाही. तोच ओघळ पुन्हा पुन्हा बघितल्यामुळे सुचलं. तू ज्याला प्रेरणा म्हणतेस ती मला अशीच भेटली, दर वेळी त्याच वस्तूत, हातातलं साधन नवीन असताना. (हळदीनेही करून पाहा, पण ती उन्हात उडते. गेरू टिकतो.)

तू म्हणशील, हे तुमचं झालं. बरं, मोठ्यांचं घे. इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार जॉर्जो मोरांडी आयुष्यभर त्याच काही बाटल्या, डबे, फुलदाण्या टेबलावर मांडून काढत राहिले. तैलरंगात, जलरंगात, पेन्सिलने, एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून घेतलेला छाप). त्यांच्या एचिंगमधली बाटली नुसत्या आडव्याउभ्या रेघांतून उभी राहते आणि जलरंगातली जवळजवळ नाहीशी होते, तरी दोन्ही ठिकाणी ती ओळखू येते. आणि आपल्या नागपूरच्या कला विद्यालयात 1939 ते 1943 शिकलेले सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यातल्या जंगलाजवळ लहानपण गेलं. मन लागत नाही म्हणून शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, ही गोष्ट ते स्वतः सांगत. आधी जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग), 1950 ला पॅरिसला गेल्यावर तैलरंग, पुढे ॲक्रिलिक. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो बिंदू त्यांच्या चित्रांत ठाण मांडून बसला आणि मग हलला नाही. साधनं बदलली, देश बदलला. बघायची गोष्ट मंडल्याचीच राहिली.

लांब जायचं नसेल तर गणपतीच्या आधी चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत जा. हातात फोन धरू नकोस, नुसती उभी राहा. तिथे यंदा काय घडवायचं हा प्रश्नच नसतो. म्हणूनच सगळं लक्ष सोंडेच्या वळणावर आणि डोळ्यांच्या रेघेवर असतं. विषयाचा शोध संपला की बघणं सुरू होतं. तुझा शोधच संपत नाही, बेटा! रोज नवा विषय, रोज नवा डबा. आणि रंगांच्या दुकानदाराला तुझी ही घाई फार आवडते.

रागावले, जाऊ दे. मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी घरात कुणाशी बोलत नाही. तो लोखंडी कूलर मी साइटवर गेले असताना भंगारात गेला. पंखा जळाला होता, घरच्यांचं काही चुकलं नाही. पण तैलरंग तेव्हा मला परवडत नव्हते, पुढच्या वर्षी घेईन असं ठरलं होतं, आणि तैलरंगात तो कूलर समोर बसून काढायचा राहिला. नंतर आठवणीतून काढला. ते चित्र वाईट नाही, पण ताटीचा ओला जडपणा त्यात नाही, आणि तो आता कुठून आणू? एचिंगही राहिलं. त्याला प्रेस लागतो, आणि प्रेस असलेल्या जागा माझ्या कचेरीच्या वेळेतच उघड्या असायच्या. त्याची खंत वाटते. एकच वस्तू धरून बसले याची नाही वाटत. एका प्रदर्शनाच्या निवड समितीने "विषयात वैविध्य नाही" असा शेरा मारून माझी चित्रं परत केली. नातेवाइकांत मी कूलरवाली काकू झाले. प्लॅस्टिकचा पांढरा कूलर आला, आणि भिंत रंगवायला माणूस आला तेव्हा मी त्याला तेवढा पट्टा सोडायला लावला. जुना ओघळ तिथे अजून आहे. घरात यावरून बोलाचाली झाली. झाली तर झाली. तो पट्टा गेला असता तर मला पुन्हा पहिल्यापासून बघायला शिकावं लागलं असतं, आणि ते शिकायला किती काळ लागतो हे भिंत रंगवणाऱ्याला काय माहीत!

आता कामाचं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कागदाच्या मध्यापर्यंत पोचायच्या आत कडेला वाळतो आणि रेघ पडते. तू त्याला जलरंग जमत नाहीत असं म्हणालीस. ते नागपूर आहे. कागद दोन्ही बाजूंनी भिजव, सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवून ठेव आणि पहाटे बस. चौरस मीटरला 300 ग्रॅमचा, सुती लगद्याचा कागद घे, महाग आहे म्हणून लहान कापून घे. ॲक्रिलिकच्या पॅलेटखाली ओलं फडकं ठेव, नाहीतर वर साय धरते. तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खालचा थर पातळ, वरचा जास्त तेलाचा, हा क्रम उलटा केलास तर पुढे तडे जातील. लिनो उन्हाळ्यात लोण्यासारखा कापतो, डिसेंबरात आधी थोडा उन्हात ठेवावा लागतो. टॅबलेट सोडू नकोस. फक्त त्यातही तीच वस्तू काढ आणि चुकलेली रेघ पुसू नकोस.

कोणती वस्तू, हे मी सांगणार नाही. तुझ्या खोलीतून रोज दिसणारी, आपोआप बदलणारी आणि कुणाला सुंदर न वाटणारी असू दे. सुंदर वस्तूवर आधीच इतक्यांनी हात फिरवलेला असतो की आपल्याला तिच्यात त्यांचंच काम दिसत राहतं. ठरव आणि निदान पुढच्या पोळ्यापर्यंत धर. मधे कंटाळा येईल, जबरदस्त येईल. तेव्हा माध्यम बदल. वस्तू नाही.

रेझिनचा उरलेला डबा भाचीला देऊन टाक. त्या वस्तूची पेन्सिलची चित्रं जमली की घेऊन ये, वाईट असली तरी. लिनोचे तुकडे आणि काळी शाई माझ्याकडे आहे, रोलर तेवढा तुझा आण, माझ्याचं रबर गेलंय.

तुझी,
काकू