रेणूंची चाल मोजायची कशी?

प्रश्न : मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूट्रॉन वापरून रेणूंची हालचाल मोजतात, असं सर म्हणाले. ते कसं? यात करिअर होतं का? अणुभट्टीचं नाव काढलं की आई नको म्हणते.

उत्तर : सोलापूरची आहेस, तर सुताचंच घेऊ. ताण्याला खळ दिली की सूत ओलं होतं. त्यातलं काही पाणी मोकळं फिरतं, पण धाग्यातल्या सेल्युलोजला, म्हणजे कापूस ज्या लांब साखळ्यांच्या रेणूंचा बनतो त्याला, बिलगलेलं पाणी रेंगाळतं. हा सगळा खेळ पिकोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचा. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात आणि हायड्रोजनपाशी इलेक्ट्रॉन एकच, म्हणून तो त्यांना जेमतेम दिसतो. न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रावर आदळतो आणि हायड्रोजनवरून भरपूर विखुरतो. हायड्रोजन हलता असेल, तर न्यूट्रॉनची ऊर्जा किंचित वाढते वा घटते. विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या ऊर्जेचा आलेख काढला, तर त्यातलं शिखर त्यामुळे पसरट होतं. रेणू जितका चपळ, तितका पसारा मोठा.

मला आजही भुरळ पाडते ती जड पाण्याची युक्ती. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम, असतो. सूत जड पाण्यात भिजवलं की विखुरण्यातला पाण्याचा वाटा एकदम दबतो, कारण ड्युटेरियम न्यूट्रॉनला फारच कमी विखुरतो. मग सेल्युलोजच्या साखळ्यांची थरथर वेगळी काढता येते. नमुना पातळ ॲल्युमिनियमच्या डबीत, कडेला इंडियम या मऊ धातूची तार दाबून बंद करायचा. प्रयोगाआधी आणि नंतर डबीचं वजन करायचंच. वजन घटलं, तर पाणी उडालंय. ती मोजणी बाद.

माझी नोकरी ट्रॉम्ब्यात, ‘ध्रुव’वर गेली. १०० मेगावॉटची ही संशोधन अणुभट्टी १९८५मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ही विद्या रुजवण्यात भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगारांचा मोठा वाटा. ते कॅनडात बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आले होते. न्यूट्रॉनच्या याच विद्येसाठी ब्रॉकहाउसना १९९४चं भौतिकीचं नोबेल मिळालं.

करिअर नक्की होतं. एम.एस्सी. भौतिकी किंवा रसायनातून कर. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल आहे. विद्यापीठात राहून पीएच.डी. केलीस, तरी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या, विद्यापीठांना अणुऊर्जा खात्याची उपकरणं वापरू देणाऱ्या संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत ‘ध्रुव’वर मोजणीची संधी मिळू शकते. मोजणी उरकते लवकर, विश्लेषण महिनोन्‌महिने चालतं. तेव्हा फूरियर रूपांतर हे गणित आणि पायथन ही संगणकभाषा आत्ताच हाती घे.

आईची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नकोस. त्यांना सांग, की न्यूट्रॉनचा झोत जाड कवचाआड असतो, छातीवरचा बिल्ला किरणोत्सर्गाची नोंद ठेवतो आणि तपासणी झाल्याशिवाय नमुन्याला कुणी हात लावत नाही.