नवे दुखणे जुन्या आजाराच्या खात्यावर

प्रश्न : माझे वय 47 आहे. गेली 11 वर्षे मला रुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध घेते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरुवातीला मोठ्या मात्रेत होते, आता रोज थोडे चालू आहे. पाच महिन्यांपासून उजव्या जांघेत कळ येते आणि ती गुडघ्यापर्यंत उतरते. चालले की वाढते, मांडी घालून बसता येत नाही. गुडघ्याचा आणि नंतर खुब्याचा एक्स-रे काढला, दोन्ही नॉर्मल आले. रक्तात सूजही वाढलेली नाही. मी जाते त्या रुग्णालयात ‘संधिवात आहे, दुखणारच’ असे सांगून गोळ्या देतात. घरचे म्हणतात, मनावर घेऊ नकोस. हे दुखणे खरेच माझ्या मनाचे आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील वर्णन वाचून मला तरी हे मनाचे दुखणे वाटत नाही, आणि ते संधिवाताचेच आहे असे गृहीत धरण्यासही मी तयार नाही. तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, हे खरेच. पण तपासणीची दिशा तुमच्याच पत्रात आहे.

रुमॅटॉइड संधिवाताचे दुखणे तुम्हाला 11 वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. सकाळी उठल्यावर हाताची बोटे आणि मनगटे आखडतात, बहुधा दोन्ही बाजूंना सारखीच, आणि हालचाल सुरू झाली की तासा-दीड तासात ती मोकळी होऊ लागतात. तुमचे नवे दुखणे नेमके याच्या उलट वागते. ते एकाच बाजूला आहे, पायावर भार आला की वाढते, आणि रक्तात सूज नसतानाही टिकून आहे. सूज नाही याचा अर्थ काहीच झालेले नाही, असा तुम्हाला सांगण्यात आला असावा. माझ्या मते त्यातून एवढेच कळते की संधिवात सध्या आटोक्यात आहे आणि कळ येण्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

जांघेतील दुखणे म्हटले की खुब्याचा सांधा आधी आठवावा. खुबा आणि गुडघा यांच्याकडे जाणाऱ्या काही नसा एकच असल्यामुळे खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, आणि मग बिचाऱ्या गुडघ्याचेच फोटो काढले जातात. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेतलेल्या व्यक्तीत मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्याचा रक्तपुरवठा कमी होऊन त्या हाडाचा भाग मृत होऊ शकतो. अस्थिरोगतज्ज्ञ त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. या विकारात सुरुवातीचे काही महिने एक्स-रे अगदी निर्दोष दिसू शकतो, कारण हाडाचा आकार अजून बदललेला नसतो. एमआरआयमध्ये मात्र तो त्या टप्प्यावरही दिसतो. स्टेरॉइडमुळे ठिसूळ झालेल्या हाडाला पडलेली बारीक चीरही एमआरआय दाखवतो, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असताना सांध्यात क्षयरोगाने शिरकाव केला असल्यास त्याचाही माग त्यातून लागतो. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार सोडून चालत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत स्पष्टपणे विचारा : “हे दुखणे संधिवाताचेच आहे असे कशावरून? दुसरे काय असू शकते, आणि ते नाही हे कोणत्या तपासणीने कळेल?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. जुना आजार असलेल्या रुग्णाची प्रत्येक तक्रार त्याच आजाराच्या खात्यावर टाकून मोकळे होणे ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे, आणि ती अशा प्रश्नानेच मोडते. उत्तर समाधानकारक न मिळाल्यास दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्या. आधीच्या रुग्णालयातील कागद मागायला संकोच करू नका. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेले वैद्यकीय कागद 72 तासांत द्यावे लागतात.

जाताना एका पानावर लिहून न्या : दुखणे कधी सुरू झाले, नेमके कोठे बोट ठेवता, रात्री झोपेतून उठवते का, पायाची नखे कापताना किंवा जिना चढताना काय होते. स्टेरॉइड कोणत्या वर्षी किती मात्रेत घेतले हे जुन्या केसपेपरांवरून काढा, कारण सध्याची लहान मात्रा पाहून समोरचा डॉक्टर निश्चिंत होण्याची शक्यता असते. मधल्या काळात कोणाकडून सांधेदुखीची पुडी किंवा बिननावाच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तेही सांगा. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते.

घरच्यांच्या म्हणण्याबद्दल थोडेसे. रुमॅटॉइडच्या काही रुग्णांना फायब्रोमायल्जिया जडतो आणि तोही खराच आजार असतो, परंतु त्यात दुखणे अंगभर पसरते, झोप आणि थकव्याच्या तक्रारी असतात. एकाच जांघेतील, भार दिल्यावर वाढणाऱ्या कळीला ते नाव देता येणार नाही.

दोन गोष्टी मात्र स्वतःच्या मनाने करू नका. प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. दीर्घकाळ ते घेतलेल्या शरीरात स्वतःचे स्टेरॉइड पुरेसे तयार होत नाही आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. मेथोट्रेक्सेट चालू असताना दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून वाढवत जाणेही मूत्रपिंडासाठी धोक्याचे आहे. ताप आला, रात्रीची कळ असह्य झाली, वजन घटू लागले किंवा पाय टेकवणेच अशक्य झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

एमआरआय होईल तेव्हा दोन्ही खुब्यांचा करून घ्या, कारण स्टेरॉइडमुळे होणारा एव्हीएन बऱ्याचदा दुसऱ्या बाजूलाही, न दुखता, सुरू झालेला असतो. हाडाचे डोके खचण्यापूर्वी निदान झाले तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्यासारखी छोटी शस्त्रक्रिया विचारात घेता येते. खचल्यानंतर बहुधा सांधा बदलण्याचाच पर्याय उरतो. तपासणी होईपर्यंत जमिनीवर बसणे टाळा, शौचासाठी कमोड वापरा, आणि चालताना काठी डाव्या हातात धरा. दुखणाऱ्या बाजूच्या हातात ती धरली तर खुब्यावरचा भार हवा तसा कमी होत नाही.