देणगीदार आणि नेत्यांचं छुपं साटंलोटं खरंच असतं की नुसत्या अफवा?

संशयाला जागा नक्कीच आहे, पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. आपल्याकडचे इलेक्टोरल बॉंडच घ्या ना, 2018 पासून स्टेट बँकेतून बॉंड घ्यायचा नि पक्षाला द्यायचा, कोणी दिला ते लोकांना कळणारच नाही, त्याआधी 2017 लाच कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादापण काढून टाकलेली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकत होती! एडीआरसारख्या, निवडणुकीतल्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या संस्था सुप्रीम कोर्टात लढल्या म्हणून 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना रद्द केली. मग याद्या आल्या, पण आधी खरेदीदार वेगळे नि पक्ष वेगळे, जुळवणार कसं, कोर्टाने परत झापल्यावर बॉंडचे नंबर बाहेर आले. सगळ्यात मोठी खरेदीदार लॉटरीवाली फ्युचर गेमिंग, 1,368 कोटी! काही कंपन्यांनी तर तपास यंत्रणांच्या धाडीनंतर बॉंड घेतलेले दिसतात, आता तारखा जवळ आल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असं नाही, पण नीट चौकशी तरी व्हायला हवी होती, ऑगस्ट 2024 मध्ये कोर्टाने एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमायला नकार दिला त्याचं मला अजून वाईट वाटतं. याद्या निवडणूक आयोगाच्या साइटवर टाकल्यात, फॉरवर्डवर विश्वास ठेवण्याआधी त्या बघा.