वाचकांचे प्रश्न : ओबीच्या डोंगरावर जंगल उगवतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, घरामागे ओपनकास्ट म्हणजे उघड्या कोळसा खाणीचा ओबीचा (खणून टाकलेल्या माती-दगडाचा) जुना डोंगर आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यावर झाडं लावली, पावसाळ्यात लांबून एकदम हिरवागार दिसतो आणि साहेब लोक म्हणतात बघा, जंगल परत आणलं. पण तिकडे हरणं काही दिसत नाहीत, डुकरं मात्र रोज आमच्या वावरात. हे जंगल म्हणायचं का?

उत्तर : नाही हो, झाडं आहेत, जंगल नाही. ओबी म्हणजे कोळशाच्या वरची माती-दगड, मुरूम, शेल (थराथरांचा ठिसूळ दगड), सगळी उलटीपालटी झालेली; जी माती वर होती ती तळाशी गाडली गेली आणि खालचा निर्जीव दगड वर आला, त्यात ना कुजलेला पाला ना बी. म्हणून तिथे टिकतं ते लावतात, सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया, आणि उरलेल्या जागी वेडी बाभूळ न लावताच येते. मी मागे मार्चमध्ये अशाच एका डम्पवर चढले होते. झाडाखाली बुटाने पाला बाजूला केला तर बोटभर पाल्याखाली नुसते शेलचे काळे चपटे तुकडे, गवताची एक काडी नाही. मग थोडं पुढे एक पट्टा लागला, जेमतेम एकराचा, तिथे म्हणे खाण सुरू होतानाच काढलेली वरची माती लगेच आणून पसरली होती, तिथून उतरले तेव्हा मोजे गवताच्या कुसळांनी भरलेले, आणि वाटेत चितळाच्या लेंड्या! सगळा फरक त्या मातीचा. हीच माती वर्षानुवर्षं उंच ढीग करून ठेवली की आतलं बी आणि जीवजंतू मरतात, मग ती पसरा की नका पसरू.

चितळ, नीलगाय, ससा यांना आधी गवत लागतं. ते नसलं की चितळ येत नाही, डुक्कर कशावरही जगतं, तुमच्या तुरीवर तर मजेत, आणि चितळ नसलं की वाघ-बिबट्या डुकरामागे नाहीतर गोठ्याकडे वळतो.

प्रश्न : खाणीजवळ वाघ फिरतानाचे व्हिडिओ येतात. म्हणजे वाघाला खाण चालते?

उत्तर : चालते असं नाही, वाटेत येते. ताडोबात जागा कमी पडली की वयात आलेले वाघ बाहेर पडतात, दक्षिणेकडे पार तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पापर्यंतची वाट इथूनच जाते, आणि त्या वाटेवर खाणी, वीज केंद्र, रेल्वे, डंपरचे रस्ते सगळं आडवं. दिवसा लपायला वेडी बाभूळ, खायला डुक्कर, प्यायला खड्ड्यातलं पाणी, मग थांबतो बिचारा. फक्त एक करा, वस्तीला चिकटलेली झुडपं काढा म्हणून जरूर मागा पण त्याच झपाट्यात नाल्याकाठचा झाडोरा साफ करू देऊ नका, जनावरं तिथूनच गुपचूप पुढे निघून जातात, तो गेला की गावातून जातील.

प्रश्न : आमच्याकडच्या खाणीचा विस्तार होणार आहे, पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. काय मागायचं? झाडं किती हवीत?

उत्तर : झाडांचा आकडा मागूच नका, आकडा द्यायला सोपा असतो. गवत मागा. सुप्रीम कोर्टाने 8 जानेवारी 2020 ला सांगितलंय की खाणकाम संपल्यावर ती जमीन आणि खाणीमुळे बिघडलेली बाकीची जमीन परत गवताखाली आणायची, चारा, झाडं, प्राणी वाढतील अशी करायची, आणि हे लीजधारकाने स्वखर्चाने. हा आदेश किती जणांना माहीत असतो कुणास ठाऊक, सुनावणीत मी तरी क्वचितच ऐकलाय. मारवेल, पवना, कुसळी असं इथलंच गवत, मग बोर, पळस, मोह, बांबू, असं नाव घेऊन मागा. वरची माती कुठे ठेवणार आणि किती महिन्यांत पसरणार ते विचारा. खड्ड्यात पाणी साठणार असेल तर निदान एक काठ उतरता करून मागा, सरळ कड्यावरून पडलेलं जनावर वर येत नाही. नाल्याकाठचा पट्टा नकाशावर रंगवून मागा.

आणि काही जागा खणायच्याच नसतात, तसं म्हणायलाही लाजू नका, ताडोबाजवळचा लोहाऱ्याचा कोळसा ब्लॉक लोकांनी विरोध लावून धरला तेव्हाच थांबला.

जुन्या खाणीची पर्यावरण मंजुरी आणि दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्या का ते सांगणारा) आधी मिळवा, त्यात लिहिलेलं आणि तुमच्या घरामागचं जुळतं का ते स्वतः चढून बघा, मोबाइलवर फोटो काढा. लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच शिक्क्यासकट घ्या, माईकवर बोललेलं पुष्कळदा इतिवृत्तात दोन ओळींत उरकतं.