पत्रकारितेतून पटकथालेखनाकडे गेलेल्या कोणाचा प्रवास अभ्यासावा? त्यासाठी नोकरी सोडावी लागते का?

तुम्ही लिहिलंय की एका दैनिकात तीन वर्षं बातमीदारी करताय, पटकथा लिहायची आहे आणि राजीनाम्याचा कागद खिशात घेऊन फिरताय. मी वीसेक वर्षं डेस्कवर उपसंपादकी केली, पटकथा एकही लिहिली नाही. त्यामुळे सल्ला देण्याचा माझा अधिकार तसा तोकडाच. पण माणूस सुचवतो : ख्वाजा अहमद अब्बास. 'आवारा', 'श्री ४२०', 'बॉबी' लिहिणारे. तुमच्या प्रश्नाला हेच नाव लागू पडतं, कारण या माणसाने सिनेमात जाऊनही वर्तमानपत्र कधी सोडलंच नाही.

जन्म १९१४ चा, पानिपतचा. घराणं कवी हाली यांचं. अलीगढला शिक्षण, कायद्याची पदवी, पण वकिली न करता १९३५ मध्ये मुंबईत येऊन थेट 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये. फिरोजशहा मेहतांनी काढलेलं हे राष्ट्रीय बाण्याचं पत्र, त्या वेळी संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. तिथे अब्बास बातम्या लिहीत आणि चित्रपटांची परीक्षणंही. त्याच सुमारास बॉम्बे टॉकीजच्या प्रसिद्धीचं काम ते अर्धवेळ करायला लागले. (आज एखाद्या समीक्षकाने हे केलं तर लोक त्याची पिसं काढतील!) १९३९ मध्ये गांधीजींनी सिनेमाला जुगाराच्या पंगतीत बसवलं, तेव्हा या पंचविशीतल्या पोराने त्यांना जाहीर पत्र लिहून सिनेमाची बाजू मांडली होती. म्हणजे सिनेमाचं वेड होतंच, फक्त ते पत्रकाराच्या पद्धतीने बाहेर पडत होतं.

त्यांनी विकलेली पहिली कथा 'नया संसार'ची, चित्रपट आला १९४१ मध्ये. विषय? वर्तमानपत्राचं ऑफिस आणि तडजोड न मानणारा एक बातमीदार. पहिल्या खेपेला माणसाने घरचंच धान्य दळलं.

मला स्वतःला मात्र त्यांचं सगळ्यात शिकण्यासारखं काम वाटतं ते डॉ. कोटणीसांचं. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात आपले दोघे, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. चौघे परतले. कोटणीस तिथेच राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. अब्बास यांनी १९४४ मध्ये यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'अँड वन डिड नॉट कम बॅक', एक जण परत आला नाही. डेस्कवर बसलेला कोणीही हे नाव वाचून मान डोलवेल. पथक, युद्ध, त्याग असला एकही मोठा शब्द नाही, नुसती हजेरी घेतली आहे, आणि त्यात एक जण गैरहजर आहे.

दोनच वर्षांत व्ही. शांताराम यांनी राजकमलतर्फे 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाईंनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. पटकथेवर अब्बास यांच्याबरोबर नाव आहे व्ही. पी. साठे यांचं. हे वसंत साठे पुढे राज कपूरच्या चित्रपटांतही त्यांचे जोडीदार राहिले. आपल्याकडे या मराठी माणसाचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम इथे घालतो.

'आवारा'ची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मेहबूब खान यांना त्यात मुलाच्या भूमिकेसाठी दिलीपकुमार हवे होते. अब्बास अडून बसले की न्यायाधीश पृथ्वीराज असेल तर मुलगा राजच हवा. कथा राज कपूरकडे गेली. गंमत बघा, चित्रपटाचा सगळा वाद म्हणजे 'खाण तशी माती' हे खरं की खोटं, चोराचा मुलगा चोरच होतो का. हा एखाद्या स्तंभाचा विषय आहे. त्यांनी तो कोर्टात उभा केला आणि न्यायाधीशाचाच मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात ठेवला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. अब्बास यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले चित्रपट पाहताना पुष्कळदा पात्राच्या तोंडून अग्रलेख ऐकल्यासारखं होतं. राज कपूरकडे शंकर-जयकिशन होते, नर्गिस होती, त्यामुळे तोच विचार गाण्यांतून अलगद उतरायचा. स्वतःच्या 'नया संसार' कंपनीत अब्बास यांच्यापाशी पैसा कमी आणि मतं जास्त. अपवाद 'शहर और सपना'चा. मुंबईत घर नाही म्हणून मोठ्या पाइपात संसार थाटणारं जोडपं, मुळात ही बातमीदाराच्याच नजरेला पडणारी गोष्ट. त्याला १९६३ चं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. गोवा मुक्तीवरचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९) आज फक्त अमिताभ बच्चनचा पहिला चित्रपट म्हणून आठवतात. त्यात अब्बास यांनी बंगाली उत्पल दत्तना पंजाबी शेतकरी केलं आणि मल्याळी मधूला बंगाली, हे कोणी सांगत नाही.

आणि एक प्रसंग तुमच्यातल्या पत्रकारासाठी. त्यांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा छोटा माहितीपट केला. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती, सेन्सॉरने ती कापायला सांगितली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत सरकारने माघार घेतली, एकही कात्री न लावता 'यू' प्रमाणपत्र द्यायला तयार झालं. दुसरा निर्माता पेढे वाटून घरी गेला असता. हे म्हणाले, माझ्या चित्रपटाचं सोडा, वर्तमानपत्राला छापण्याआधी कोणाला दाखवावं लागत नाही, मग चित्रपटाला का? अर्जात दुरुस्ती करून खटला पुढे चालवला. १९७० मध्ये निकाल विरोधात गेला. पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असं न्यायालयाने ठरवलं आणि चित्रपट सेन्सॉरशिपच्या वादांत हा निकाल आजही उद्धृत होतो. प्रमाणपत्र मिळालं, खटला हरला.

या सगळ्या धबडग्यात 'लास्ट पेज' हा साप्ताहिक स्तंभ चालूच होता. आधी 'क्रॉनिकल'मध्ये, मग करंजियांच्या 'ब्लिट्झ'च्या शेवटच्या पानावर, १९८७ मध्ये ते गेले तोवर. 'बॉबी'ने गल्ला भरला त्या वर्षीही आणि स्वतःचे चित्रपट पडले त्या वर्षांतही. शिवाय सत्तरच्या वर पुस्तकं, 'इन्किलाब' ही कादंबरी, 'आय अ‍ॅम नॉट अ‍ॅन आयलंड' हे आत्मचरित्र. झोपत कधी असत कोण जाणे.

तेव्हा राजीनाम्याचं तुमचं तुम्ही ठरवा, घरभाडं कोण भरतं यावर ते जास्त अवलंबून आहे. तोवर एक करा. कोटणीसांवरचं पुस्तक मिळवून आधी ते वाचा, मग चित्रपट बघा, आणि बघताना हातात पेन्सिल ठेवून पुस्तकातलं काय गाळलंय त्याची यादी करा. माझी यादी मी अजून पूर्ण केलेली नाही.