‘माले’चं ‘मला’ करू का?

पत्र : मी चाळीसगाव तालुक्यातली अंगणवाडी सेविका. अहिराणी बोलीत कथा लिहिते. एका दिवाळी अंकानं कथा परत पाठवली, ‘माले’चं ‘मला’ करून द्या म्हणे. एका संमेलनात बोलावलं, तेही ‘ग्रामीण महिला’ म्हणून, मागच्या मांडवात, ऐन जेवणाच्या वेळी. समोर खुर्च्या उचलणारी पोरं. भाषा बदलू, की लिहिणंच सोडू?

उत्तर : ताई, आधी तुमची कथा वाचली, मग पत्र. त्यातली म्हातारी सासू वाढलेली भाकरी झाकून ठेवते आणि एवढंच म्हणते, ‘माले भूक नही.’ तिथं ‘मला भूक नाही’ घालून पाहिलं. म्हातारी एकदम रेडिओवरच्या बातम्या वाचायला लागली! संवादाला हात लावू नका. पण पहिली दोन पानं नुसत्या गाववर्णनात गेलीत. ती अहिराणीत असोत नाहीतर पुणेरीत, कापायलाच हवीत. संपादकांनी खरं तर हे सांगायचं होतं. त्यांना ‘माले’ तेवढं खटकलं.

मागच्या मांडवाचं म्हणाल, तर ते दुखणं जुनं आहे. १८८५ साली ग्रंथकार सभेचं, म्हणजे आजच्या मराठी साहित्य संमेलनाच्या सुरुवातीच्या रूपाचं, बोलावणं आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी सरळ नकार कळवला होता. पहिली सभा भरली १८७८ साली. अध्यक्षपदी बाई यायला १९६१ उजाडलं, कुसुमावती देशपांडे, ग्वाल्हेरला. तुम्हाला राग आला, बरं झालं. मान हवासा वाटतो याची लाजही नको. माझ्या पहिल्या काव्यवाचनाच्या पत्रिकेत माझं नाव चुकीचं छापलं होतं, ती पत्रिका मी अजून जपून ठेवलीय. रागानं.

लिहिणं सोडायचं मात्र मनातही आणू नका. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्या वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. घरच्यांपासून वह्या लपवून ठेवल्या, थोड्याथोडक्या नाही, वीसेक वर्षं. त्याचंच पुढं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन झालं. त्या वह्यांना ना मांडव होता, ना पत्रिका.

तुमच्याकडे तर ऐकणारी माणसं हाताशी आहेत. महिन्याच्या मीटिंगला सगळ्या सेविका जमतात ना? रजिस्टरं भरून झाली की कथा मोठ्यानं वाचा. कुठं हसतात, कुठं मोबाईल काढतात, पेन्सिलीनं खूण करा. त्यांना ‘माले’ समजावून सांगावं लागणार नाही. पुढच्या वेळी संमेलनाचा फोन आला तर आधी विचारा, वेळ कुठली आणि मांडव कुठला. जेवणाची वेळ असेल तर नाही म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही.

दोन पानं कापून झाली की कथा पुन्हा पाठवा. आणि एक राहिलंच. म्हातारीनं झाकून ठेवलेली ती भाकरी शेवटी कोणी खाल्ली, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.