मालकांना दादा म्हणतेस, पण करार कुठंय?

बाळा,

रात्री दीडला तुझा मेसेज आला तेव्हाच कळलं की पेपरचं पान छपाईला सोडून झालंय, तरी तू अजून डेस्कवरच बसली आहेस आणि घरी जायला पाय निघत नाहीये. सकाळी उत्तर देतो म्हटलं होतं, तीन दिवस लागले. तू जे विचारलंस ते मी तुझ्या वयात स्वतःला विचारायला हवं होतं, विचारलं नाही, आणि त्याचं ओझं अजून आहे.

तुझं म्हणणं असं की युनियन संपाच्या मतदानाला चाललीय, सहा वर्षं पगारवाढ नाही, विमा कापला, आता जुना करारच गुंडाळायचं चाललंय, आणि दुसरीकडे थोरले मालक तुला नावानं हाक मारतात, तुझ्या नावानं छापलेल्या पहिल्या बातमीचं, बायलाइनचं, कात्रण त्यांनी स्वतः केबिनमधून येऊन तुझ्या हातात ठेवलं होतं, त्यांच्याविरुद्ध हात वर करायचा म्हणजे बेइमानी वाटते. शिवाय पेपर खरोखर तोट्यात आहे. मग संप केला तर आपणच तो बुडवला असं होईल का, हा तुझा खरा प्रश्न.

आधी त्या कात्रणाचं बोलू. घराण्याच्या पेपरात सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. थोरल्यांची माया खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, मी अशी माणसं पाहिलीत जी प्रूफरीडरच्या आजारपणात रात्री दवाखान्यात येऊन बसली. पण माया ही त्यांची मर्जी झाली गं, करार हा तुझा हक्क आहे. मर्जी त्यांच्याबरोबर रिटायर होते. उद्या त्या खुर्चीत चिरंजीव बसले, किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या, की तुला नावानं ओळखणारं कुणी उरत नाही आणि मग टेबलावर फक्त कागद बोलतो. कागद नसेल तर काहीच बोलत नाही.

माझं सांगतो. मी ज्या पेपरात होतो तोही एका कुटुंबाचा, शहरात मान होता, आम्ही सगळे मालकांना दादा म्हणायचो. मला तिसरं वर्ष होतं तेव्हा संप झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांचा स्वतः फोन, तू तरी ये रे, अंक बंद पडता कामा नये. मी गेलो. मागच्या गेटनं, जिथून कागदाची रिळं आत यायची तिथून. अकरा दिवस आम्ही सहा जणांनी अंक काढला, पानं कशीतरी भरायची, एकदा तर एकच बातमी दोन पानांवर लागली, पण अंक निघाला याचा मला तेव्हा अभिमान होता.

त्या गेटवर आमचा मशीनमन उभा असायचा. माझ्या पहिल्या रात्री यानंच मला मशीनखात्यात थांबवून घेतलं होतं, मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना तर हातानं खुणा करून दाखवलं की ताज्या अंकाच्या कडेवर अंगठा कसा फिरवायचा, शाई अंगठ्याला आली की समजायचं शाई जास्त सुटतेय. असा माणूस. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं काही म्हटलं नाही, फक्त एक पाऊल बाजूला सरकून मला वाट दिली. रोज, अकरा दिवस.

संप मोडला. छपाई बाहेर दिली, मशीनखातं बंद झालं, तो घरी गेला. पुढे दीड वर्षानं डेस्क निम्मा केला तेव्हा दादांचा फोन आला नाही, एक पाकीट आलं, सही कुणा मॅनेजरची होती. आणि माझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, कारण बोलणाऱ्यांना मी आधीच पाठ दाखवली होती. दादांनी मला फसवलं असं मी म्हणत नाही. मीच मर्जीला करार समजलो.

आता तोट्याचं. तोटा खरा असतो, युनियनच्या काही जुन्या लोकांना ते पटत नाही आणि तिथे ते चुकतात. शहराच्या पेपरचा खरा पैसा अग्रलेखातून कधी आलाच नाही, तो यायचा छोट्या जाहिरातींतून, घर भाड्यानं देणे आहे, गाडी विकणे आहे, नोकरी आहे. त्या जाहिराती इंटरनेटवर फुकट गेल्या आणि पेपरचा पायाच गेला. अमेरिकेत २००५ च्या सुमारास वर्तमानपत्रांना वर्षाला जवळपास ४९ अब्ज डॉलरच्या जाहिराती मिळत होत्या, २०२० मध्ये त्या १० अब्जांच्या आत आल्या. बोस्टन ग्लोब हा टेलर घराण्याचा पेपर १९९३ मध्ये १.१ अब्ज डॉलरला विकला गेला होता, तोच २०१३ मध्ये ७ कोटींना गेला. हे कुणाच्या पगारवाढीनं झालेलं नाही, कुठल्या संपानंही नाही. त्यामुळे पेपर आपण बुडवू ही भीती आधी डोक्यातून काढ.

पण म्हणून तोटा म्हटला की गप्प बसायचं असंही नाही. तोटा कुणाचा, हे विचारायचं. घराण्याच्या धंद्यात पेपर ही एक कंपनी असते, इमारत दुसऱ्या कंपनीच्या नावावर, छपाई तिसऱ्या, आणि तिन्हींचे मालक तेच. पेपर इमारतीला भाडं देतो, छपाईचं बिल देतो, वर कुटुंबातल्या चार जणांना मानधन देतो, आणि मग वर्षअखेरीला पेपर तोट्यात. सगळीकडे असं असतंच असं नाही, तुमच्याकडे असेलच असं तर मी मुळीच म्हणत नाही, पण बोलणीला बसताना फक्त पेपरचा ताळेबंद बघून मान डोलवू नका. भाडं किती आणि कुणाला, छपाईचा दर बाजारभावाच्या मानानं कसा, हे विचारा. द्यायला पैसेच नाहीत असं जो सांगतो त्यानं हिशोब दाखवायला नको का? आणि सगळं बघून तोटा खराच निघाला तर तेही मान्य करायची तयारी ठेवा, कारण मग बोलणं वेगळं होतं, कपात किती दिवसांची, वरच्यांची किती, दिवस फिरले की परत कधी देणार.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पोस्ट गॅझेट या पेपरचं उदाहरण तुला मालकांकडचं कुणीतरी देणारच, म्हणून ते नीट माहीत असू दे. १७८६ पासूनचा वारसा सांगणारा पेपर, १९२७ पासून ब्लॉक घराण्याकडे. २०१९ मध्ये त्यांना सिनॅगॉगवरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरच्या, हल्ल्याच्या बातम्यांसाठी पुलित्झर, पत्रकारितेतलं तिथलं मोठं पारितोषिक, मिळालं, म्हणजे पत्रकारिता कमी पडली असंही नाही. करार २०१७ मध्ये संपला, नवीन होईना, २०२० मध्ये कंपनीनं स्वतःच्या अटी एकतर्फी लागू केल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आधी छपाई, वितरण आणि जाहिरातवाले बाहेर पडले, विम्यावरून, आणि मग त्याच महिन्यात पत्रकार. तीन वर्षांवर चालला तो संप. तिथल्या सरकारी कामगार मंडळानं सांगितलं कंपनीनं प्रामाणिकपणे बोलणी केली नाहीत, नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील कोर्टानंही तेच धरलं, जुन्या अटी परत लावा म्हणून. लोक कामावर परतले. आणि जानेवारी २०२६ मध्ये, सुप्रीम कोर्टानंही दिलासा नाकारल्यावर, मालकांनी जाहीर केलं की ३ मे २०२६ ला पेपर बंद, वीस वर्षांत ३५ कोटी डॉलरहून जास्त गेले.

हे ऐकवून तुला म्हणतील, बघ, जिंकले आणि पेपर गेला. मी त्यातून वेगळंच वाचतो. पत्रकारांच्या संपाचं मतदान किती फरकानं झालं माहितीये? ३८ विरुद्ध ३६. दोन मतं! अर्धी न्यूजरूम मनानं बाहेर पडलीच नव्हती, कित्येक जण आत काम करत राहिले आणि अंक निघत राहिला. पुढे २०२४ मध्ये ड्रायव्हरांच्या युनियननं पैसे घेऊन वेगळी तडजोड केली आणि विषय संपवला. जे उरले त्यांनी हार मानली नाही, स्वतःचं ऑनलाइन वर्तमानपत्र काढलं आणि शहराच्या बातम्या देत राहिले, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण एकदा घरात फूट पडली की समोरच्याला घाई राहत नाही, तो वाट बघू शकतो, कोर्टातली तारीख त्याला परवडते आणि आपल्याला घरभाडं परवडत नाही.

बोस्टन ग्लोबमध्येही २००९ मध्ये, म्हणजे ते न्यूयॉर्क टाइम्सकडे असताना, कपातीचा प्रस्ताव २७७ विरुद्ध २६५ असा नाकारला गेला. बारा मतं. मालकांनी लगेच २३ टक्के पगारकपात लादली, मग पुन्हा बोलणी झाली आणि बऱ्याच कमी कपातीवर करार झाला, पण जुन्या लोकांची आयुष्यभराच्या नोकरीची हमी गेली. म्हणजे नाही म्हटल्यानं मिळालंही आणि गेलंही. तुला कुणी नुसतं मिळतंच म्हणून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

अजून एक. रागाच्या भरात कुणी मशीनला हात लावायची भाषा केली तर तिथल्या तिथे उठून विरोध कर. वॉशिंग्टन पोस्टमध्ये, तोही तेव्हा ग्रॅहम घराण्याचा पेपर, १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये मशीनवाल्यांनी संपावर जाताना छपाईयंत्रं मोडली. एकच दिवस अंक चुकला, पुढे पानं हेलिकॉप्टरनं दुसरीकडच्या छापखान्यांत पाठवून अंक काढला, लोकांची सहानुभूती मालकीणबाईंकडे गेली आणि ती युनियन संपली. त्यांचं गाऱ्हाणं काय होतं हे कुणी विचारलंसुद्धा नाही नंतर.

तर तुझं काय. मत कुठे टाकायचं हे मी सांगणार नाही, पण युनियनची पावती आजच फाड, म्हणजे वर्गणी भरून सभासद हो, मतदानाच्या आधी, नाहीतर माझ्यासारखी गत होईल. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फंडाचे कागद, सगळ्याचे फोटो ऑफिसच्या मेलवर नाही, स्वतःकडे ठेव. मीटिंगमध्ये आकडा विचार, किती जण खरंच बाहेर पडतील, हात वर करणारे किती ते नको, किती महिने पगाराशिवाय काढू शकतील ते विचार, घरात लहान मूल असलेल्यांना, कर्ज असलेल्यांना, आणि त्यांना भित्रे म्हणू देऊ नकोस कुणाला. निम्मेच निघणार असतील तर मतदान पुढे ढकला म्हणून तूच सांग, वाईटपणा आला तरी चालेल. आणि बहुतेक सगळे निघणार असतील तर थोरल्यांकडे आधी स्वतः जा, समोर बस, कात्रणाबद्दल मनापासून आभार मान आणि मी लोकांबरोबर आहे हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. त्यांना गेटवर तुला बघून कळता कामा नये, ते मात्र बेइमानीचं होईल.

आणि आज रात्री पान सोडलं की डेस्कवर बसून राहू नकोस, खाली मशीनवर जा. संपात सगळ्यात आधी त्यांच्या नोकऱ्या जातात आणि मतदानाच्या चर्चेत सगळ्यात कमी त्यांना विचारलं जातं. पहिला अंक बाहेर येईपर्यंत थांब, त्यांचं ऐक, मग मला फोन कर. कितीही वाजू देत, मी जागा असतो.

तुझा,
दादा नव्हे, सर म्हण हवं तर